चेंडू, मोकळी जागा आणि पहिले तीस मीटर

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे पाच-साडेपाचला बाहेर पडलात, तर डांबरी रस्त्याच्या कडेने पळणारी तरुण मुले हमखास दिसतात. कुणाला पोलिसात जायचे असते, कुणाला सैन्यात. घरची कोरडवाहू शेती आणि हाताला नसलेले काम या दोन गोष्टी त्यांना त्या रस्त्यावर आणतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटर धावण्याचे १५ आणि गोळाफेकीचे १५. असे असूनही रस्त्यावरची तयारी जवळजवळ सगळी लांब अंतराचीच चालते. दम वाढवायचा, अंतर वाढवायचे, घाम गाळायचा. १०० मीटरची आठवण चाचणीची तारीख जवळ आली की होते, आणि मग त्या पंधरांपैकी बरेच गुण हातचे जातात. विशीतल्या मुलाचा वेग वाढतच नाही, असे माझे म्हणणे नाही. मात्र वेगाचा पाया बारा ते सोळा या वयात जितका सहज घालता येतो तितका पुढे घालता येत नाही, आणि या वयातली मुले तर रोज शाळेत आपल्यासमोर असतात. त्यांच्या खेळाच्या तासाचे आपण काय करतो, याविषयी मला लिहायचे आहे.

मी तालुक्याच्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. आमचा भाग फुटबॉलचा नव्हे. महाराष्ट्रात फुटबॉल म्हटले की कोल्हापूर आठवते. तिथे पेठापेठांचे संघ आहेत आणि मोठ्या सामन्याला शाहू स्टेडियम गच्च भरते. आमच्याकडे मैदान म्हटले की कबड्डी आणि खो-खो. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्या मुलींना तो आपल्याच घरचा वाटला. धावण्यात बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आमचा आदर्श आहे. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीचे रौप्य, पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या, लहानपणी पायीच शाळा गाठणाऱ्या या जवानाने आमच्या मुलांना पळायला लावले, हे ऋण मोठे आहे. परंतु पळणे म्हणजे लांब पळणे, हा आमचा जुना समज त्यामुळे आणखी घट्ट झाला, हेही मला नोंदवावेसे वाटते. दम आणि वेग यांची जातकुळी वेगळी आहे. एकाच्या सरावाने दुसरा आपोआप येत नाही.

फुटबॉल आमच्या शाळांच्या कपाटांत आला तो २०१७ साली. त्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, काही सामने नवी मुंबईत झाले, आणि त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभर एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा शासनाचा उपक्रम पार पडला. तो दिवस सरला, चेंडू मागे राहिले. आमच्या मुलांतून कुणी मोठा फुटबॉलपटू घडावा, असे वाटणे स्वाभाविक आहे आणि घडला तर आनंदच आहे. पण मी त्या चेंडूकडे पाहत आलो ते मुलांचा वेग वाढवण्याचे साधन म्हणून. माझ्या अनुभवात इतके स्वस्त आणि इतके खात्रीचे दुसरे साधन शाळेत नाही. अट एवढीच की खेळ नुसता सोडून देऊन चालत नाही. जागा, माणसे आणि विसावा या तीन गोष्टींची मांडणी शिक्षकाला करावी लागते.

आधी मुलांच्या मनाविषयी सांगतो, कारण खरी अडचण तिथे आहे. आपल्या शाळांत पळणे ही शिक्षा असते. उशीर झाला, मैदानाला तीन फेऱ्या. गृहपाठ राहिला, पाच फेऱ्या. ज्याने पाचवीपासून फेऱ्या मारूनच पळणे ओळखले, त्याला आठवीत शिट्टी वाजवून पूर्ण जोराने पळायला सांगितले तर तो पळतो, पण राखून पळतो. ही फेरी संपली की पुढची येणार, हे त्याच्या अंगात भिनलेले असते. "अरे, जोर लाव की," असे ओरडले की तो पळता पळता कळवळून म्हणतो, "पळायलाव की सर!" आणि त्याला ते मनापासून खरे वाटत असते. स्प्रिंटच्या, म्हणजे थोडे अंतर पूर्ण जोराने पळण्याच्या, सरावात मात्र राखून पळण्याला किंमत नाही. आपल्या कमाल वेगाच्या अगदी जवळ गेल्याशिवाय स्नायूंना आणि मज्जासंस्थेला वेगाचे शिक्षण मिळत नाही. साठ-सत्तर टक्के जोराने शंभर वेळा पळालेला मुलगा साठ-सत्तर टक्के जोराने पळण्यात तरबेज होतो, एवढेच.

त्याच मुलापुढे वीस मीटरवर चेंडू सरपटत सोडा आणि त्याच्या शेजारी त्याच्याच तोडीचा दुसरा मुलगा उभा करा. आता त्याला कुणी काही सांगावे लागत नाही. मान खाली जाते, दात आवळले जातात, पहिल्या दोन पावलांत पायाखालचा मुरूम मागे उडतो. चेंडूपाशी आधी कोण, या एका प्रश्नासाठी तो जे पळतो तेवढे शिट्टीवर तो आयुष्यात पळालेला नसतो. मला फुटबॉल हवा आहे तो या क्षणासाठी.

वेग म्हणजे पावलाची लांबी आणि पावलांची गती यांचा गुणाकार, हे पुस्तकात असते. मैदानावर त्याचे दोन भाग पडतात. पहिला भाग उभ्या जागेवरून वेग घेण्याचा, साधारण पहिल्या दहा-वीस मीटरांचा. इथे शरीर पुढे झुकलेले असते, पाऊल शरीराच्या खाली किंवा किंचित मागे पडते आणि जमिनीला मागे ढकलण्याची ताकद कामी येते. दुसरा भाग कमाल वेगाचा. इथे शरीर सरळ झालेले असते, पाऊल जमिनीला जेमतेम टेकते आणि उचलले जाते. अव्वल धावपटूंचा पाय अशा वेळी सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाही जमिनीवर टिकत नाही. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले तेव्हा त्याचा सर्वाधिक वेग साठ ते ऐंशी मीटरच्या टप्प्यात होता. शाळकरी मुलाचा कमाल वेग त्याच्या किती तरी आधी, तीस-चाळीस मीटरच्या आसपास येऊन जातो. म्हणून शाळेत १०० मीटरचा सराव करून घेण्याची घाई मला पटत नाही. तीस मीटर नीट पळता आले की पुढचे सत्तर मीटर शिकवायला सोपे जातात.

फुटबॉलमधल्या स्प्रिंट बहुतेक वीस मीटरच्या आतल्या, दोन-चार सेकंदांच्या असतात. जर्मनीच्या बुंडेसलिगा या अव्वल फुटबॉल लीगमधल्या गोलांचा एका अभ्यासात धांडोळा घेतला गेला, तेव्हा गोल करणाऱ्या खेळाडूच्या हालचालींत सर्वाधिक वेळा आढळली ती सरळ रेषेतली स्प्रिंट. या खेळात धाव कधी उभ्याने सुरू होते, कधी वळून, कधी पाठमोरे असताना, कधी हळू पळता पळता. आणि दर वेळी डोळे वर ठेवून ठरवावे लागते. कबड्डी-खो-खोविषयी मला पूर्ण आदर आहे आणि आमच्या शाळेत ते खेळले जातातच. खो-खोत बसलेला खेळाडू ज्या झपाट्याने उठतो, तो वेग घेण्याचा उत्तम धडा आहे. मात्र त्यात पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण बसलेले असतात आणि एक जण पळतो, आणि दोन खांबांच्या मधल्या त्या अंतरात कमाल वेगापर्यंत पोहोचायला वाव नसतो. चेंडूमागे पळताना तो मिळतो, पण समोर जागा असेल तर.

आणि नेमकी जागा नसते. मोठ्यांच्या १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानावर बावीस खेळाडू असतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सव्वातीनशे चौरस मीटर जागा येते. आमच्यासारख्या शाळेचे मैदान साठ बाय चाळीसचे, वर्ग चव्वेचाळीस मुलांचा. सगळ्यांना एक चेंडू देऊन सोडले, तर वाट्याला पंचावन्न चौरस मीटरही येत नाहीत. मग दहा-बारा दांडगी मुले चेंडूभोवती घोळका करतात, बाकीची कडेला उभी राहतात आणि तास संपतो. पाहणाऱ्याला वाटते, मुले खेळली. प्रत्यक्षात त्या तासात पूर्ण जोराने पळालेली मुले बोटांवर मोजण्याइतकी असतात, आणि ती तीच असतात जी तशीही वेगवान आहेत. वेगवान आणखी वेगवान होतो आणि मंद मुलगा आपण मंदच आहोत असे मानून घरी जातो. या एका कारणासाठी "खेळा रे आता" म्हणून चेंडू फेकून देणे मला शिक्षकाच्या कामाशी प्रतारणा वाटते.

आता आम्ही तास मांडतो तो असा. मैदानाचे दोन भाग करायचे. एका भागात तीस बाय वीसची दोन छोटी मैदाने फक्कीने आखायची आणि प्रत्येकावर चारास चार खेळवायचे, तीन मुले बदलीला. गोलाला विटा किंवा दप्तरे पुरतात. इथे प्रत्येकाला पंच्याहत्तर चौरस मीटर मिळतात. कमाल वेग गाठायला ही जागा अपुरी आहे, परंतु थांबणे, वळणे, पुन्हा निघणे हे इथे सतत होते आणि पहिल्या पाच-दहा मीटरांची चपळाई इथे तयार होते. दुसऱ्या भागात उरलेली बावीस मुले, अकरा जोड्यांत. जोड्या मी लावतो आणि दर पंधरवड्याला बदलतो, कारण जोडी तोडीची नसेल तर दोघेही जोर लावत नाहीत; पुढे असणाऱ्याला गरज वाटत नाही आणि मागे पडणाऱ्याला आशा. दोघे रेषेवर, मी त्यांच्या मधून चेंडू पुढे सोडतो, जो आधी पोहोचेल त्याने गोलाकडे मारायचा, दुसऱ्याने अडवायचा. कधी सुरुवात उभ्याने, कधी मांडी घालून बसून, कधी पालथे झोपून, कधी पाठ करून. बारा मिनिटांनी गट बदलतात. तीन चेंडूंत चव्वेचाळीस मुलांचा तास होतो.

या जोड्यांच्या रांगेवरून मला पुष्कळदा विचारणा झाली आहे की एवढी मुले नुसती उभी का. या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने द्यायला हवे, कारण वेगाच्या सरावाचे सारे मर्म त्या उभे राहण्यात आहे. पूर्ण जोराच्या पहिल्या काही सेकंदांना लागणारी ऊर्जा स्नायूंत आधीच साठवलेल्या फॉस्फोक्रिएटिन नावाच्या द्रव्यातून मिळते. हा साठा तांब्यातल्या पाण्याइतका थोडा असतो, सहा-दहा सेकंदांच्या जोरदार पळण्यात बराचसा उपसला जातो. थांबल्यावर तो पुन्हा भरतो. सुमारे अर्ध्या मिनिटात निम्मा, आणि पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. दहा मीटरच्या स्प्रिंटमागे एक मिनिट विसावा, असा प्रशिक्षकांचा ढोबळ हिशेब आहे. वीस मीटरसाठी दोन मिनिटे. अकरा जोड्यांची रांग, प्रत्येक जोडीला दहा सेकंद, म्हणजे पाळी परत येईपर्यंत पावणेदोन-दोन मिनिटे होतात. वर्गात मुले जास्त आहेत, ही आपली कायमची तक्रार. या एका सरावात मात्र मोठा वर्ग हाच विसाव्याची सोय करतो. बारा मिनिटांत प्रत्येक मुलाच्या सहा-सात धावा होतात, त्या सगळ्या ताज्या पायांनी होतात, आणि तेवढ्या पुरेशा आहेत. विसावा काढून घेऊन त्याच धावा लागोपाठ घेतल्या, तर तिसऱ्या-चौथ्या धावेपासून मुले दमाचा सराव करू लागतात. घाम जास्त दिसतो आणि वेग जिथल्या तिथे राहतो.

रांगेतल्या मुलांना मी एक काम देतो: पुढच्या जोडीचे पाय पाहायचे. टाच आधी पडते की पुढचा चवडा, हात समोर जातात की पोटासमोर आडवे फिरतात, मान ताठ होते का. चौदा वर्षांची मुले याबाबत फार बारीक नजरेची असतात आणि एकमेकांना स्पष्ट सांगतात. माझ्या दहा सूचनांपेक्षा मित्राचे "तुझा उजवा हात नुसता लोंबतोय" हे वाक्य जास्त लागू पडते.

लंगडीचा मात्र आवर्जून उल्लेख करतो. तासाच्या सुरुवातीला अंग गरम करायला मी कवायतीऐवजी पाच मिनिटे लंगडी घेतो. एका पायावर उडी मारून पुन्हा त्याच पायावर तोलून घेणे, ही घोट्याची आणि पोटरीची जी तयारी आहे ती परदेशी प्रशिक्षक वेगळी उपकरणे मांडून करून घेतात. ती आमच्या आजीच्या अंगणात होती. दोन्ही पायांनी लंगडी घातली पाहिजे, एवढे पथ्य पाळले की झाले.

मुले वाढीच्या वयात असतात, हे विसरून या वयाचा सराव करता येत नाही. मुलींची उंची बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्याच्या. या काळात हाडे आधी लांबतात, स्नायूंची ताकद मागून येते, आणि कालपर्यंत चपळ असलेला मुलगा अचानक स्वतःच्याच पायांत अडखळू लागतो. आमच्याकडे नववीत एक मुलगा होता. आठवीत तो वर्गात सर्वांत पुढे पळे, आणि सुट्टीनंतर हातभर उंच होऊन परतला तो रांगेत मागे मागे उभा राहू लागला. विचारले तर गुडघ्याखालची हाडाची गाठ दाखवली. दाबली की दुखे. वाढत्या वयात, धावण्या-उड्यांच्या खेळात हे दुखणे बऱ्याच मुलांना होते आणि वाढ थांबली की बहुधा जाते. डॉक्टरांनीही तसेच सांगितले. काही आठवडे त्याच्या उड्या आणि लाथा कमी केल्या, धावा निम्म्या केल्या, मांडीच्या स्नायूंचे ताण दिले. दुखणे ओसरले तेव्हा त्याची नवी लांब ढांग त्याच्या कामी आली. अशा वेळी "आळशी झालास" असे त्याला कुणी म्हणाले असते, तर तो कायमचा मैदानाबाहेर गेला असता. दुसरी बाजूही आहे. ज्यांची वाढ लवकर झाली ती मुले तेराव्या वर्षी सहज जिंकतात आणि संघात निवडली जातात. उशिरा वाढणारी, कदाचित जास्त गुणी मुले बाकावर राहतात. शालेय स्पर्धेसाठी निवड करताना हे मनात ठेवणे अवघड असते, पण ठेवले पाहिजे.

मुलींविषयी मला सर्वांत जास्त कळकळ आहे. सातवीपर्यंत बरोबरीने पळणाऱ्या मुली आठवीत येताच कडेला जाऊन बसतात. कारणे अनेक आहेत: घरचे बोलणे, पाळीच्या दिवसांतली गैरसोय, शाळेत नीट नसलेले स्वच्छतागृह, पाहणारी मुले. एक कारण मात्र अगदी समोर होते आणि मला ते एका मुलीने दाखवले. ती पळताना उजवा हात छातीशी धरून पळे. सुरुवातीला मला ती सवय वाटली; जवळून पाहिले तर ती ओढणी धरत होती. दोन टाचण्या लावूनही ओढणी निसटेल ही भीती तिच्या हाताला सुटू देत नव्हती, आणि हात हलला नाही की पायही मोकळा पडत नाही. मुख्याध्यापकांशी आणि पालकांशी बोलून खेळाच्या तासाला मुलींसाठी टी-शर्ट आणि ट्रॅक पँट असा वेश ठरवला. त्यावर घरोघरी चर्चा झाल्या, काही आया शाळेत आल्या, त्यांनी मैदान पाहिले आणि होकार दिला. त्या मुलीचे दोन्ही हात सुटले त्या आठवड्यातच तिची तीस मीटरची वेळ उतरली. तंत्राचा एकही शब्द मी तिला सांगितला नव्हता. मुलींच्या जोड्या आम्ही आता स्वतंत्र लावतो आणि चारास चार मात्र मिसळून खेळवतो. पासशिवाय गोल धरायचा नाही, एवढा एक नियम केला की मुलींकडे चेंडू येऊ लागतो.

मैदान हा आमच्या भागातला वेगळाच विषय आहे. काळी माती पावसात बुटाला किलोभर चिकटते आणि वाळली की भेगाळते. भेगेत पाय गेला तर घोटा मुरगळतो. वर मुरूम टाकून रोलर फिरवला की जरा बरे होते. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात गवताचे मैदान राखा असे कुणी कुणाला सांगू नये. पावसाळ्यानंतर सराटे उगवतात. ते मुलांच्या तळव्यांत आणि चेंडूत सारखेच घुसतात. दर सोमवारी पहिली पाच मिनिटे ओळीने चालत सराटे वेचण्यात जातात आणि ती मी वाया गेली असे मानत नाही. अनवाणी पळणारी मुले पुष्कळ आहेत. अनवाणी पळण्याचे कौतुक मी ऐकले आहे, पण एप्रिलमधल्या आमच्या जमिनीवर दुपारी उभे राहून ते कौतुक करावे. साध्या कॅनव्हासच्या बुटांसाठी माजी विद्यार्थ्यांकडे हात पसरायला मला कधी संकोच वाटला नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सकाळची शाळा असली तरी नऊनंतर पूर्ण जोराचे पळणे आम्ही बंद ठेवतो.

वेग वाढतो तशी मांडीच्या मागच्या स्नायूला इजा होण्याची शक्यताही वाढते. फिफाच्या वैद्यकीय जाणकारांनी तयार केलेला '११+' हा वीस मिनिटांचा सराव यासाठी आहे. पूर्ण वीस मिनिटे आमच्या पस्तीस मिनिटांच्या तासात बसत नाहीत, म्हणून त्यातला एक व्यायाम मी नेमाने घेतो. मुलगा गुडघ्यांवर उभा राहतो, जोडीदार मागून त्याचे घोटे दाबून धरतो, आणि मुलगा कंबर न वाकवता जमेल तितका सावकाश पुढे झुकत जातो. शेवटी हातांवर पडतो. पाच वेळा पुरे. या व्यायामाने त्या स्नायूच्या इजा जवळजवळ निम्म्याने कमी होतात, असे बऱ्याच अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून दिसले आहे. सुरुवातीचे दोन आठवडे मांड्या दुखतात आणि मुले कुरकुर करतात.

मोजमापाविषयी मी काटेकोर आहे. महिन्यातून एकदा, सकाळी, वाऱ्याची दिशा पाहून, तीस मीटर. घड्याळ दर वेळी त्याच हातात. हाताने मोजलेली वेळ यंत्राच्या वेळेपेक्षा सुमारे पाव सेकंदाने कमी भरते, हे मुलांना आधीच सांगून ठेवतो, म्हणजे आपली वेळ वर्तमानपत्रातल्या वेळेशी ताडून कुणी हवेत जात नाही. या वयात तीस मीटरची वेळ पाच सेकंदांच्या आसपास असते. हंगामाअखेर त्यात दोन दशांश सेकंदांचा फरक पडला, तर त्या वेगाला ते जवळजवळ सव्वा-दीड मीटर अंतर होते. चेंडूपाशी आधी पोहोचणे आणि हात चोळत राहणे यातला सारा फरक तेवढाच असतो. यातला सगळा वाटा सरावाचा नसतो. तेराव्या वर्षीचा मुलगा पंधराव्या वर्षी नुसत्या वाढीनेही जास्त वेगाने पळतो, आणि ते श्रेय शिक्षकाने घेऊ नये. मी पाहतो ते वेगळे: वर्गातली सर्वांत मंद दहा मुले किती पुढे सरकली. चेंडूच्या जोड्या सुरू केल्यापासून सर्वांत जास्त फरक याच मुलांत दिसतो, कारण पूर्वी त्यांना पूर्ण जोराने पळण्याचा प्रसंगच येत नव्हता.

दहावीत हे सगळे थांबते. 'लातूर पॅटर्न'ने आमच्या मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केले, गावाकडच्या मुलालाही राज्यात पहिला येता येते हा विश्वास दिला. त्याची किंमत मला ठाऊक आहे. पण त्याच्या ओढीने खेळाचा तास गणिताला, विज्ञानाला देण्याची रीत नववीपर्यंत खाली उतरली आहे. आठवड्यातले दोन तास, पस्तीस मिनिटांचे, एवढेच मी मागतो. वाढीचे वय ही मुदतीची गोष्ट आहे. गणित पुढच्या वर्षी भरून काढता येते, चौदावे वर्ष भरून काढता येत नाही. क्रीडास्पर्धेच्या सवलतीच्या गुणांसाठी का होईना, पालक अलीकडे मैदानाची चौकशी करतात. मला तो मार्ग फारसा आवडत नाही, तरी तास वाचत असेल तर तोही चालेल.

आणखी एक गोष्ट आमच्या भागातच असते. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली मुले शाळेत येत राहतात. बाकीची आईबापांबरोबर फडात जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. चार-पाच महिन्यांच्या खंडाने वेगाची धार कमी होते, तरी ताकद कमी झालेली नसते. उसाच्या मोळ्या उचललेल्या पोरांच्या पाठी आणि मांड्या दणकट होऊन आलेल्या असतात. परतल्या दिवशी त्यांची चाचणी घ्यायची नाही, हे मी ठरवून टाकले आहे. पहिले दोन आठवडे लंगडी, चारास चार आणि थोड्या धावा. मग तीस मीटर, आणि वहीत त्यांच्या नव्या वेळेशेजारी फक्त त्यांचीच दिवाळीआधीची वेळ. जोडी लावताना जुन्या जोडीदारापाशीच त्यांना उभे करतो. पहिल्या काही धावा ती हरतात. उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत बहुतेक जण पुन्हा बरोबरीला आलेले असतात, आणि जूनमध्ये संघ निवडताना त्यांची नावे पहिल्यापासून यादीत असतात.